निवडक जिम, अख्खा जिम

मुंबईच्या वाकोल्यात जिम रीव्हजला आडनाव नाही. सेंट अँथनी चर्चच्या मागेपुढे जी जुनी, कौलं जाऊन स्लॅब आलेली घरं उरली आहेत, तिथे तो नुसता जिम. टेक्सासमध्ये १९२३ साली जन्मलेला हा कंट्री गायक ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ गेला. स्वतःच चालवत असलेलं त्याचं छोटं विमान वादळात सापडून कोसळलं. त्याला साठ वर्षं होऊन गेली, तरी इथली म्हातारी माणसं त्याच्याबद्दल वर्तमानकाळातच बोलतात. ‘जिम काय गातो!’ कोणी ‘गायचा’ म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

अंकल त्यातलेच. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टीतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, या लोकांनी स्वतःला हे नाव घेतलं. अंकलच्या आजोबांची इथे भातशेती होती. अंकल मात्र विमानतळावर देखभालीच्या कामात हयात घालवून निवृत्त झाले. मी दत्त मंदिर रोडची. शाळेत असताना इंग्रजी सुधारायला आईने त्यांच्याकडे धाडलं होतं. इंग्रजी किती सुधारलं ते जाऊ द्या, जिम मात्र तेव्हापासून कानात बसला. आता मी अंधेरीच्या एका स्टुडिओत ध्वनिसंकलन करते. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कापायचे, साफ करायचे आणि जोडायचे.

आमचा वाद जिमबद्दल नाही. तो चांगला गातो यावर एकमत आहे. वाद आहे ‘बेस्ट ऑफ’ नावाच्या तबकडीवर. अंकलच्या मते जिम ऐकायचा तर तोच, आणि तेवढाच. माझ्या मते त्या तबकडीत जिम सोडून बाकी सगळं आहे.

“अंकल, ‘बेस्ट ऑफ’ला मी अल्बमच म्हणत नाही. गायक एका वेळी एका मनःस्थितीत दहा-बारा गाणी म्हणतो, ती एका क्रमाने लावतो, तो अल्बम. हे काय? आठ-दहा वर्षांतली गाणी इकडून तिकडून उचलून एका पिशवीत भरली.”

“तू वाकोला मार्केटला मासळी घेतेस तेव्हा टोपली उलटी करून आणतेस? निवडूनच घेतेस ना?”

“मी निवडते. इथे कंपनीने निवडलंय.”

“कंपनीने?” अंकलना हे असं खालच्या पट्टीत हसता येतं, बहुतेक जिममुळेच. “हे घे. ‘ही’ल हॅव टू गो’. जिमचं सगळ्यात मोठं गाणं. १९५९ ला रेकॉर्ड निघाली तेव्हा हे कुठे होतं माहीत हाय? मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला ‘इन अ मॅन्शन स्टँड्स माय लव्ह’. कंपनीचा भरवसा त्याच्यावर. ऐकलंयस कधी ते?”

“नाही.”

“कोणीच नाय ऐकलं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि मागचं गाणं वाजवलं. लोकांनी पुन्हा मागितलं, पुन्हा वाजलं. कंट्रीच्या यादीत चौदा आठवडे पहिलं, पॉपच्या यादीत दुसरं. मग कंपनी म्हणते हे आमचं बेस्ट! बेस्ट ठरवलं लोकांनी, कंपनीने फक्त कव्हर छापलं.”

हा मुद्दा बिनतोड आहे, आणि अंकल तो दर खेपेला काढतात. शिवाय त्याला इतिहासाचा आधार आहे. त्या काळच्या कंट्री संगीतात मुळात एक एक गाणं विकलं जायचं. छोटी तबकडी, दोन बाजू, एक चालली तरी पुष्कळ. मोठी एलपी बहुतेक वेळा चाललेल्या एका-दोन गाण्यांभोवती जागा भरून काढलेली असे. सलग ऐकायची कलाकृती म्हणून अल्बम बांधायची चाल सरसकट रुजली ती पुढे. तेव्हा १९६४ सालच्या ‘द बेस्ट ऑफ जिम रीव्हज’वर अल्बमची मोडतोड केल्याचा आरोप ठेवायचा, तर आधी मोडायला अल्बम हवा. तो फारसा नव्हताच. पुढे याच नावाचा दुसरा भाग १९६६ साली आला आणि तिसरा १९६९ साली.

पण माझा आक्षेप दुसरीकडे आहे.

“बरं, लोकांनी निवडलं. पण तुमच्या या तबकडीवरचा जिम जन्मापासून सूट-टाय घालून उभा आहे. त्याच्या आधीचा कुठे आहे? १९५३ साली ‘मेक्सिकन ज्यो’ म्हणणारा? ॲबट नावाच्या चिमुकल्या कंपनीसाठी गायला होता. मोठ्याने, उंच पट्टीत, एकदम उडत्या चालीत. तो जिम नाही?”

“ते मी ऐकलंय. जत्रेतल्यासारखं ओरडतो.”

“ओरडतो ना? मग १९५७ साली ‘फोर वॉल्स’ म्हणताना तोच माणूस माइकला ओठ टेकवल्यासारखा हळू का गायला लागला? निर्माता चेट ॲटकिन्सने फिडल काढलं, स्टील गिटार काढली, पियानो आणि मागे हलका कोरस ठेवला. त्यालाच पुढे नॅशव्हिल साउंड म्हणायला लागले. केवढं मोठं वळण आहे हे! एका माणसाने स्वतःचा गळा खाली आणला. तुमच्या ‘बेस्ट’मध्ये वळण नाही, फक्त वळल्यानंतरचा रस्ता आहे.”

“मग? मला रस्त्याने जायचंय. वळण बघत उभं राहायचं नाय.”

“ऐकणाऱ्याला कसं कळणार तो इथवर कसा आला?”

“कशाला कळायला पाहिजे? माणसाला आवाज सापडायला वेळ लागतो. सापडला की त्या आवाजात ऐकायचं. तू तुझ्या स्टुडिओत हिरॉइनचा पहिला टेक ठेवतेस?”

“शेवटचाच चांगला असतो असंही नाही.”

“पण ठेवतेस एकच.”

इथे मी गीतरामायण काढते. माझं ते हुकमी पान. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी वर्षभर चाललेली गदिमा आणि सुधीर फडक्यांची छप्पन्न गाणी. लव-कुश रामासमोर रामकथा गातात, तिथून सुरू होऊन कथा पुढे सरकते. यातली आठ गाणी उचलून ‘गीतरामायण बेस्ट’ काढलं तर काय उरेल? सीता पळवून नेण्याआधीच सेतू बांधून व्हायचा.

“बाय, तू रामनवमीला मैदानात गीतरामायण ऐकायला जातेस. छप्पन्न म्हणतात?”

“नाही. वेळ नसतो.”

“किती म्हणतात?”

“दहा-बारा.”

“कोणती?”

मी गप्प. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत आहे. तीच. दर वर्षी तीच. एखाद्या गायकाने न ऐकलेलं गीत घेतलं तर मागच्या रांगेतले लोक चहाला उठतात. पण इथे एक फरक आहे आणि तो मी अंकलना सांगितला. मैदानात बसलेल्या प्रत्येकाला मधली न गायलेली गोष्ट ठाऊक असते. निवेदक दोन वाक्यांत सांगतो आणि कथा जोडली जाते. जिमची मधली गोष्ट वाकोल्यात कोणाला ठाऊक होती? बेसबॉलचा खेळाडू व्हायला निघालेला मुलगा, दुखापतीने खेळ सुटला, रेडिओवर निवेदक झाला. निवेदक होता म्हणूनच त्याचा शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो. हे कव्हरवर कोण छापणार?

“आता हे तू बरोबर बोललीस,” अंकल म्हणाले, पण त्यातून त्यांनी भलतंच काढलं. “शब्द सुटा. म्हणून तर तो आमचा झाला. एल्व्हिसचे अर्धे शब्द आम्हाला कळत नव्हते. जिमचं इंग्लिश आमच्या फादरसारखं. सावकाश, स्वच्छ. रेडिओ सिलोनवर एकदा ऐकलं की वहीत उतरवून घेता येत होतं.”

याला जगभरची साक्ष आहे. जिम रीव्हजला अमेरिकेबाहेर जिथे जिथे डोक्यावर घेतलं, ते देश पाहिले तर गंमत वाटते. नॉर्वे, श्रीलंका, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेत तर तो ‘किंबर्ली जिम’ या सिनेमात काम करून आला आणि आफ्रिकान्समध्येही गायला. इंग्रजी ही जिथे शिकून मिळवायची भाषा होती, अशा पुष्कळ घरांत हा संथ, न ओरडणारा टेक्सासवाला मुक्कामाला आला. शिवाय खालच्या स्वरातली त्याची गाणी सामान्य पुरुषाच्या गळ्याला झेपतात. पार्टीत चौथ्या पेगनंतरही. हे शेवटचं निरीक्षण माझं नाही, अंकलच्या बायकोचं, आंटीचं आहे.

त्या दिवशी अंकलनी मला ती एलपी हातात दिली. एरवी देत नाहीत. भारतात दाबलेली, म्हणजे बहुधा ग्रामोफोन कंपनीच्या दमदमच्या कारखान्यातून निघालेली. कव्हरच्या कडा पारदर्शक चिकटपट्टीने बांधलेल्या, पट्टी पिवळी पडून कडक झालेली. मागच्या बाजूला गाण्यांच्या यादीत काही नावांपुढे निळ्या बॉलपेनचे ठिपके. तबकडी उजेडात तिरकी धरली की दोन गाण्यांमधली गुळगुळीत रेघ चकाकते. पिन नेमकी तिथे उतरवायची. ठिपकेवाल्या गाण्यांच्या आधीच्या रेघा बाकीच्यांपेक्षा जास्त खरवडलेल्या दिसल्या. पिन तिथे शेकडो वेळा टेकलेली होती. याचा अर्थ ‘बेस्ट’मधलंही बेस्ट या घराने पुन्हा निवडलं होतं.

“हे ठिपके कोणाचे?”

“माझ्या भावाचे. डान्सला कुठली लावायची त्याची खूण. एक ठिपका म्हणजे जोडीने. दोन ठिपके म्हणजे म्हाताऱ्यांसाठी.”

“आणि ठिपका नाही ती?”

“ती जेवताना.”

आता मला सांगा, या पद्धतीने ऐकणाऱ्या माणसाला मी अल्बमची अखंडता काय समजावणार? त्याच्यासाठी गाणं म्हणजे लग्नाच्या हॉलमधली चार मिनिटं. ईस्ट इंडियन लग्नाला तुम्ही गेला असाल तर हा प्रकार ठाऊक असेल. आदल्या दिवशी उंबराचं पाणी. बायका नटूनथटून, बाजा लावून विहिरीवर जातात, मराठीत गाणी म्हणत. घुमट वाजतो. दुसऱ्या दिवशी चर्च, आणि संध्याकाळी हॉलमध्ये बँड किंवा डीजे, आणि जिम. ‘आय लव्ह यू बिकॉज’ सुरू झालं की तीस-चाळीस वर्षं संसार झालेली जोडपी खुर्चीवरून उठतात. ही दोन्ही संगीतं एकाच घरची आहेत, आणि घरात तबकडी जपलेली निघाली ती फक्त एकाची.

हे मी जरा तिखटपणेच म्हटलं.

“तुमच्या आईच्या, आजीच्या गाण्यांचं ‘बेस्ट ऑफ’ कुठे आहे अंकल? टेक्सासच्या माणसाच्या रेकॉर्डला तुम्ही चिकटपट्ट्या लावता.”

अंकल रागावले नाहीत. “ती गाणी रेकॉर्डवर राहत नाय. ती म्हणायला बाया लागतात, बाजा लागतो, विहीर लागते. एक म्हणते, बाकीच्या उचलतात. विहीर बुजवली तर गाणं कुठे म्हणणार? जिमला एक पिन लागते फक्त.”

“म्हणूनच ती रेकॉर्ड करायला हवी होती.”

“मग तूच आली असतीस ना मशिन घेऊन. आता मागची गाणी म्हणणारी एकच बाई उरली आमच्या आळीत, आणि तिला ऐकू येत नाय.”

यावर मी काही बोलले नाही. कामाची फुरसत नव्हती, हे कारण तिथे बसून देण्यासारखं नव्हतं. बोलणं मी दुसरीकडे वळवलं, पण मुद्दा तोच ठेवला. निवड कोण करतं आणि कोणासाठी.

“प्रल्हाद शिंदे घ्या. आपल्याकडचा खरा लोकांचा गायक. पाइपलाइनकडच्या वस्तीत आषाढीला स्पीकरवर तेच, चौदा एप्रिलला तेच. विठ्ठलाची गाणीही गायली, भीमगीतंही गायली, कव्वालीही. पण कॅसेटचं दुकान आठवा. विठ्ठलाच्या निवडक गाण्यांची कॅसेट एका फळीवर, भीमगीतांची दुसऱ्या. एका फळीवरून घेणाऱ्याला दुसऱ्या फळीचा पत्ताच लागू नये अशी सोय. एकच गळा, पण त्याची दोन माणसं केली. हे लोकांनी केलं की विकणाऱ्यांनी?”

अंकलनी बराच वेळ विचार केला. “दोघांनी,” ते म्हणाले. “विकणाऱ्याला ठाऊक होतं, ह्याच्या घरी ती चालणार नाय. आणि ते खरं होतं.”

“म्हणजे निवड निष्पाप नाही.”

“मी कुठे म्हटलं निष्पाप? मी म्हटलं, गाणी चांगली हायत.”

मग मी माझं शेवटचं हत्यार बाहेर काढलं. मोबाइलवर एक गाणं लावलं आणि नाव सांगितलं नाही. ‘हॅव यू एव्हर बीन लोन्ली’. आधी ओळखीचा खालचा आवाज, मग एक बाई. अंकलचा चेहरा उजळला, मग हळूहळू आक्रसला.

“ही पॅट्सी क्लाइन. पण जिमबरोबर? कधी?”

“कधीच नाही.”

हा प्रकार १९८१ सालचा. आरसीए कंपनीने जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन यांची एकत्र तबकडी काढली, नाव ‘ग्रेटेस्ट हिट्स’. दोघांनी जिवंतपणी एकत्र एकही ध्वनिमुद्रण केलेलं नव्हतं. पॅट्सी ५ मार्च १९६३ रोजी गेली, तीही विमान अपघातात, तीही नॅशव्हिलला परतताना. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांचे गायक. पण हे एक गाणं दोघांनीही आपापलं म्हणून ठेवलं होतं, आणि त्या काळच्या टेपवर आवाज वेगळ्या ट्रॅकवर व वाद्यं वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित झालेली होती. तेव्हा दोन मृतांचे गळे टेपवरून सुटे केले, लय-सूर जुळवले, खाली नवी वाद्यं वाजवली आणि युगुलगीत तयार झालं. कंट्रीच्या यादीत ते पहिल्या पाचात गेलं. बाकीची गाणी ज्याची त्याची, मध्ये हे एक. कधी अस्तित्वातच नसलेल्या जोडीचे ग्रेटेस्ट हिट्स!

मला वाटलं होतं, अंकल हे खपवून घेतील. लोकांना आवडलं, यादीत वर गेलं, त्यांच्याच न्यायाने आणखी काय हवं? आणि मी, अखंडतेची वकील, कपाळाला आठ्या घालीन. झालं उलटंच.

“हे पाप हाय,” अंकल म्हणाले. “बंद कर.”

“अंकल, काम बघा ना कसं केलंय! आज संगणकावर करतानासुद्धा घाम फुटतो. तिचा श्वास कापला असता तर लगेच कळलं असतं, तो ठेवलाय. त्याच्या आवाजाभोवतीची खोली वेगळी, तिच्याभोवतीची वेगळी, आणि तरी एका खोलीत उभे असल्यासारखे वाटतात. तेही १९८१ साली.”

“तेच तर. एका खोलीत उभे करायचं तुम्हाला सांगितलं कोणी? मेलेल्या माणसाशेजारी मेलेली बाई आणून ठेवली, आणि म्हणे गा!”

“सिनेमात रोज होतं हे. गायक एका दिवशी येतो, गायिका दुसऱ्या दिवशी. भेटतही नाहीत. मीच जोडते.”

“ते जिवंत असतात. नाय म्हणू शकतात. लता आणि रफी रॉयल्टीवरून भांडले, काही वर्षं एकत्र गायले नाय. तेव्हा कोणी मशिनवर त्यांना जोडलं? नाय म्हणजे नाय.”

हे उदाहरण मला सुचायला हवं होतं, आमच्या धंद्यातलं आहे. साठच्या दशकातलं ते भांडण गाजलेलं, आणि त्या काळात संगीतकारांना दुसरे आवाज शोधावे लागले. नकार ही गायकाची शेवटची सही असते. ती मेलेल्याकडून घेता येत नाही.

पण मग मी अंकलना सोडलं नाही. “‘डिस्टंट ड्रम्स’ला तुमचे किती ठिपके?”

“त्याला ठिपका कशाला पाहिजे? ते तर आपोआपच लागतं.”

“ते १९६६ ला इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं. बीटल्सच्या भर जमान्यात. जिमला जाऊन दोन वर्षं झाली होती. सिंडी वॉकरचं गाणं, जिमने नुसतं नमुन्यादाखल म्हणून ठेवलेलं. कंपनीला तेव्हा ते चालेलसं वाटलं नव्हतं. तो गेल्यावर त्याच्या त्या आवाजावर व्हायोलिनं चढवली. तुम्ही ज्या व्हायोलिनवर डोळे मिटता, ती जिमने ऐकलीच नाहीत.”

अंकल थांबले. आंटी आतून म्हणाली, “आता बोला.”

त्यांनी हार मानली असती तर मला आवडलं नसतं, आणि त्यांनी मानलीही नाही. “व्हायोलिन म्हणजे कपडे,” ते म्हणाले. “प्रेताला सूट घालतातच. लग्न लावत नाय.”

मी हसले, पण रात्रभर ते वाक्य माझ्यासोबत होतं. कारण माझ्या कामात ही रेघ रोज ओढावी लागते आणि ती कुठे ओढायची हे कोणी शिकवत नाही. खोकला काढणं चालतं. बेसूर स्वर सरळ करणं चालतं. दोन टेकमधून एक ओळ बनवणं चालतं. न म्हटलेला शब्द अक्षरं जोडून म्हणायला लावणं? निर्मात्याच्या घाईपोटी तेही झालेलं मी पाहिलं आहे. निवडणं आणि बनवणं यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. जिम रीव्हजच्या बाबतीत हा उतार मृत्यूनंतर वीस वर्षांत पुरता दिसतो. आधी चाललेली गाणी एकत्र. मग त्याची पत्नी मेरी रीव्हज आणि कंपनी यांनी मिळून न वापरलेल्या टेपा बाहेर काढल्या, आणि तो गेल्यानंतर त्याची सहा गाणी कंट्रीच्या यादीत पहिली आली. जिवंत गायकालाही हेवा वाटावा. मग १९७५ साली इंग्लंडमध्ये टीव्हीवर जाहिरात करून ‘फॉर्टी गोल्डन ग्रेट्स’ काढली, तीही पहिल्या नंबरवर. मग १९७९ च्या सुमारास डेबोरा ॲलन या जिवंत गायिकेचा आवाज त्याच्या जुन्या गाण्यांना जोडला. मग पॅट्सी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपासून फार लांब नाही, आणि प्रत्येक पायरीवर कव्हर जवळपास तेच सांगतं: सर्वोत्तम.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे, आणि ते अंकलना पटलेलं नाही: ‘बेस्ट ऑफ’वर निवडणाऱ्याचं नाव छापायला हवं. गायकाचं मोठं, निवडणाऱ्याचं बारीक, पण छापलेलं. प्रातिनिधिक कवितासंग्रहावर संपादकाचं नाव असतं, प्रस्तावनेत तो काय घेतलं आणि काय सोडलं याचा जाब देतो, आणि पुढे दहा वर्षं लोक त्याला शिव्या घालतात. हे आरोग्याचं लक्षण आहे. तबकडीवर मात्र ‘सर्वोत्तम’ हा शब्द आकाशातून पडल्यासारखा छापलेला असतो. अंकलच्या एलपीवर निदान निळे ठिपके आहेत, आणि ते कोणाचे हे अंकल सांगू शकतात.

अंकलचं उत्तर: “नाव छापून काय होणार? गाणं बदलणार हाय?”

तर आता प्रश्न वेगळाच उभा राहिला आहे. जानेवारीत अंकलच्या पुतणीच्या मुलीचं लग्न आहे, कलिन्याच्या हॉलमध्ये. डीजे तरुण आहे, त्याला जिमचं नाव ऐकून गुगल करावं लागलं. तेव्हा म्हाताऱ्यांच्या अर्ध्या तासाची गाणी मी पेनड्राइव्हवर घालून द्यायची असं ठरलं. यादी अंकलची.

“‘वेलकम टू माय वर्ल्ड’ने सुरू कर. मग ‘आय लव्ह यू बिकॉज’. ‘ॲडिओस अमिगो’ मध्ये कुठे तरी, ती हलकी हाय. ‘ही’ल हॅव टू गो’ शेवटून दुसरं.”

“दुसरं का?”

“शेवटच्याला लोक निघालेले असतात.”

“आणि ‘मेक्सिकन ज्यो’?”

“नाय.”

“एक, अंकल. यादी मी बनवतेय, माझं एक हवं.”

“मग त्या पेनड्राइव्हवर तुझं नाव लिही. लोक शिव्या देतील त्या तुला.”

“लिहिते.”

“आणि ऐक, ते आजकाल एक गाणं संपायच्या आत दुसरं घुसवतात तसं नको. दोन गाण्यांच्या मध्ये जागा सोड.”

“किती? दोन सेकंद? चार?”

“म्हाताऱ्याला एका बाईला खुर्चीवर सोडून दुसरीपर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागतो तेवढी. आणि आंटीला विचार, माझे गुडघे बघून ती बरोबर सांगेल.”